नाशकात एक मुक्काम वाढवा!

नाशिकला येणारे बरेचसे पाहुणे घाईत असतात. सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी रामकुंडात पाय भिजवले, संध्याकाळी शिर्डीची गाडी. मध्ये कुठेतरी हायवेवर मिसळ. ज्याचा या गावावर जीव आहे, त्याला हे बघवत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. खायचं काय, उतरायचं कुठे, बघायचं काय, आणि बघताना सोबतच्यांना सांगायच्या गमतीच्या गोष्टी कोणत्या, ते सगळं इथे आहे. विनंती एकच : किमान दोन रात्री काढा.

वाटसरूंची सोय, दगडात कोरलेली

सुरुवात पांडवलेण्यांपासून करा. मुंबई-आग्रा महामार्गावर, शहरापासून सुमारे 8 किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. त्यात 24 लेणी आहेत. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध भिक्षूंची, आणि त्यातली जुनी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यामुळे ऊन चढायच्या आत वर पोचा.

सरळ 10 क्रमांकाच्या लेण्यात जा. हे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दान दिलेलं लेणं. भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याच्या दानांची भलीमोठी यादी आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा आणि गोवर्धन, या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधल्याची नोंद तिथे आहे. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठावर पाणपोया घातल्या, तेही लिहिलंय. यातलं गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचंच. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन नावाचं गाव आजही आहे. म्हणजे नाशिकला उतरायची सोय कुठे आहे, याचं लेखी उत्तर सुमारे 1,900 वर्षं जुनं आहे!

त्याच लेण्यात मुदत ठेवीचा हिशोबही आहे. उषवदाताने 3,000 कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. 2,000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि 1,000 दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. आता गणित करा. 2,000 वर दरमहा शेकडा 1 म्हणजे वर्षाचे 240. आणि 20 गुणिले 12? तेही 240. हिशोब पैशालाही चुकलेला नाही. शाळेतल्या मुलांना घेऊन आलात तर त्यांच्याकडूनच करून घ्या, त्यांचे डोळे चमकतात.

3 क्रमांकाच्या लेण्यात एका आईचा शब्द आहे. गौतमी बलश्री हिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन कोरून घेतलं : ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा राजा. याच सातकर्णीने नहपानाचा पराभव केला.

नोटांचं आणि नाण्यांचं गाव

त्या पराभवाचा पुरावाही नाशिकचाच. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीत नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी 13,000 हून जास्त, आणि त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला! हरलेल्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपली मोहोर उठवायची, म्हणजे ज्याच्या हातात नाणं पडेल त्याला राजा बदलल्याची बातमी कळते.

आता नाशिकरोडला या. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 मध्ये सुरू झाला. त्याआधी भारताची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमधून 1928 मध्ये 5 रुपयांची नोट बाहेर पडली. आत जाऊन बघता येत नाही, पण तुमच्या पासपोर्टची पुस्तिकासुद्धा याच गावात छापली जाते, हे भिंतीकडे बघत मुलांना जरूर सांगा.

नाण्यांची खरी हौस असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला उतरा. तिथे 1980 पासून नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे आणि तिचं संग्रहालयही. अंजनेरीला येणारी गर्दी हनुमानाच्या जन्मस्थानाला आणि किल्ल्याला जाते. संग्रहालयात त्यामुळे निवांत उभं राहून बघता येतं.

मिसळ : हिच्यावर जरा थांबू

नाशिकची मिसळ हा एकट्याने उभ्या उभ्या उरकायचा पदार्थ नाही. रविवारी सकाळी आख्खी घरं, मित्रांची टोळकी, कंपनीतले सहकारी गाड्या काढून मिसळीला निघतात. लग्न ठरलं मिसळ, नोकरी लागली मिसळ, गावाहून पाहुणा आला की मिसळ.

ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, बाजूला दही, पापड आणि लुसलुशीत पाव. रस्सा वेगळा येतो आणि तो पुन्हा मागायचाच असतो. पापड मोडून रश्शात बुडवणं ही इथली खास सवय. पहिल्यांदा येणाऱ्यांनी तर्री आधी थोडीच घ्यावी, चव कळली की वाढवावी.

रश्शाचे पंथ आहेत आणि त्यावर इथे मनापासून वाद होतात. काळ्या रश्शात खोबरं आणि कांदा चांगला काळपट होईस्तोवर भाजलेला असतो. तो जिभेपेक्षा घशाला जास्त कळतो. लाल रस्सा मिरचीचा, झणझणीत आणि जरा पातळ. काळ्यासाठी पंचवटी कारंजावर अंबिका. सातपूरला श्यामसुंदर, तिथे कामगार वस्तीची जुनी चव. चुलीवरची मिसळ म्हटलं की गंगापूर-सातपूर लिंक रोडची साधना, जिथे रविवारी नंबर लावून थांबावं लागतं. आणि द्राक्षांच्या मांडवाखाली बसून खायची असेल तर मखमलाबादकडची ग्रेप एम्बसी. माझं मत विचाराल तर पहिली मिसळ काळ्या रश्शाचीच खा, तीही गावातली. मळ्यातली मिसळ दुसऱ्या दिवशी. मांडव, झोपाळे, बैलगाडी यांत मन रमतं आणि रश्शाकडे लक्ष राहत नाही. पहिल्या भेटीत सगळं लक्ष रश्शालाच मिळालं पाहिजे.

एक सूचना : मिसळीला सकाळी 8 ते 10 ही वेळ उत्तम. उन्हाळ्यात दुपारी काळा रस्सा खाऊन पांडवलेणी चढायचा विचारही करू नका.

चिवडा, वडा, जिलेबी

परत जाताना पिशवीत काय? कोंडाजीचा चिवडा. नाशिकच्या चिवड्याचा जीव तळलेल्या कांद्यात आहे. सुकवून कुरकुरीत तळलेला कांदा पोह्यांत मिसळतो तेव्हा वास डब्याबाहेर येतो. आणि कांदा असणारच, कारण लासलगाव याच जिल्ह्यात. देशभरात कांदा महागला की बातमीत पहिलं नाव लासलगावच्या बाजार समितीचं येतं.

उपास असो नसो, सायंताराचा साबुदाणा वडा खा. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि गरम असतानाच संपवायचा. मग बुधा हलवाईची जिलेबी. जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत सणाची सकाळ याच जिलेबीने उजाडते. उलटा वडापावही चाखून बघा. यात वडा पावात नसतो. बटाट्याची भाजी भरलेला पावच बेसनात बुडवून तळतात. एक दोघांत पुरतो.

जेवणाचं म्हणाल तर नाशिकचं ताट चारी दिशांनी भरलेलं आहे. उत्तरेला खानदेश, तिथून शेवभाजी आणि भरीत आलं. पश्चिमेला गुजरात चिकटून, म्हणून थाळीत गोड डाळ आणि फरसाण. वकीलवाडीत पंचवटी हॉटेलच्या गौरवमध्ये गुजराती-राजस्थानी थाळी वाढतात, वाढपी थांबायचं नाव घेत नाहीत. मटण आणि काळ्या मसाल्याचे शौकीन आनंदवलीला दिवट्या बुधल्या वाड्यात जातात. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे नागली पिकते. रस्त्यात कुठे नागलीची भाकरी आणि ठेचा मिळाला तर पुढच्या हॉटेलची वाट बघू नका. आणि घोटी-इगतपुरीकडचा नवा तांदूळ हिवाळ्यात घरी घेऊन जा, शिजताना आख्खं घर दरवळतं.

गंगेवर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे रामकुंड, पंचवटी, घाट. तुम्हीही पायी या, कारण इथे दर शंभर पावलांवर एक गोष्ट आहे.

पहिला भेटेल दुतोंड्या मारुती, पात्रातच उभा. पावसाळ्यात गावाचं पूरमापक यंत्र हेच. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, अशाच भाषेत बातमी फिरते. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं की काठावरचे दुकानदार माल हलवतात. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत नाशिककरांनी हे पाहिलंय. त्यानंतरची खूण नारोशंकराची घंटा.

नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये बांधलेलं रामेश्वराचं देऊळ गावात नारोशंकराचं म्हणूनच ओळखलं जातं. त्याच्या दर्शनी भागावर ती प्रचंड घंटा टांगलेली आहे. मराठ्यांनी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. वसईच्या घंटा अशा महाराष्ट्रभर देवळादेवळांत गेल्या, पण पुराची पातळी सांगायचं काम मिळालं ते नाशिकच्या घंटेला.

थोडं पुढे, पायऱ्या चढून कपालेश्वर. महादेवासमोर नंदी नाही! नीट बघा, खरंच नाही. कथा अशी की शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं होतं. रामकुंडात स्नान केलं की ते जाईल, हा मार्ग नंदीने दाखवला. मार्ग दाखवतो तो गुरू, आणि गुरू सेवकासारखा पुढ्यात कसा बसेल? म्हणून महादेवाने त्याला समोर बसू दिलं नाही. देवाने वाहनाला गुरू मानलं, ही कथा मला या घाटावरची सगळ्यात देखणी कथा वाटते.

तिथून काळाराम. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात उभं केलेलं मंदिर. दगड रामशेजच्या बाजूचा. तोच रामशेज किल्ला, जो संभाजी महाराजांच्या काळात मुघलांपुढे काही वर्षं नमला नाही. पण काळारामाच्या दारात एवढ्यावर थांबू नका. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. हजारो माणसं या दरवाजांपुढे उभी राहिली, दारं उघडली नाहीत, मार खाल्ला, तरी सत्याग्रह काही वर्षं चालू राहिला. पुढे 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यात, येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिर बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने दारात दोन मिनिटं थांबावं आणि सोबतच्या मुलांना ही हकिगत पूर्ण सांगावी.

बुधवार असेल तर परतताना गंगेवरचा आठवडे बाजार गाठा. भाजी, मसाले, सुकी मासळी, मडकी, दोरखंड, सगळं घाटावर पसरलेलं. मग भांडी बाजारात तांब्या-पितळेची दुकानं. नाशिकचे तांबट पिढ्यानपिढ्या ही भांडी घडवत आलेत. हातोड्याच्या ठोक्यांचं पितळी पातेलं घेतलं तर नातवंडं वापरतील.

रस्त्याखालचे हौद

धुळवडीला नाशकात या आणि रंग शोधा, फारसा सापडणार नाही. त्या दिवशी निघते वीरांची मिरवणूक, त्यात दाजीबा वीराचा मान मोठा. रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद. वर्षभर तो चौकात बुजवलेला असतो. वरून रिक्षा, मोटारी, हातगाड्या जातात आणि खाली हौद आहे हे परगावच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. रंगपंचमी जवळ आली की रहाड उकरतात, साफ करतात, पूजा करतात, रंगीत पाण्याने भरतात. मग उंचावरून धप्पा मारायचा! धप्पा म्हणजे धाडकन उडी. बाजूच्यांच्या अंगावर जेवढं पाणी उडेल तेवढी उडी भारी.

तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक, जुनी तांबट लेन, या रहाडी प्रसिद्ध आहेत. प्रत्येकीचा रंग ठरलेला. कुणाच्या अंगावर कुठला रंग आहे ते बघून तो कुठल्या रहाडीतून आला हे जुने लोक ओळखतात. महाराष्ट्रात रंगपंचमी खूप ठिकाणी खेळतात, पण असं रस्त्याच्या पोटातून बाहेर येणारं पाणी मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. प्रवासाची तारीख तुमच्या हातात असेल तर याच दिवसाची काढा.

उतरायचं कुठे?

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. यात्रेकरू उपाध्यायांच्या वाड्यात उतरायचा. नाशिक आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे अजूनही पिढ्यानपिढ्यांच्या वह्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगा. तुमच्या घराण्याची वही त्यांच्याकडे असेल तर पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, हे त्यांच्या सहीसकट सापडू शकतं. जुनी पानं मोडीत असतात. शक्य असेल तर हे काम मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी करा, कारण वही शोधायला वेळ लागतो, आणि सापडली की तिथून पाय निघत नाही. उठण्याआधी तुमचं आणि मुलांचं नावही तिच्यात लिहून या.

आजचं सांगायचं तर जागा कामाप्रमाणे निवडा.

देवदर्शन आणि घाट हेच मुख्य असेल तर पंचवटीतल्या धर्मशाळा किंवा साधी हॉटेलं. पहाटे उठून गंगेवर चालत जाता येतं, आणि पहाटेची गंगा ही दुपारच्या गंगेपेक्षा निराळीच. त्र्यंबकला राहायचं असेल तर शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास. स्वच्छता आणि शिस्त शेगावसारखीच.

रेल्वेने येणाऱ्यांना नाशिकरोड सोयीचं. स्टेशनजवळच मुक्तिधाम आहे, मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवरातलं, भिंतींवर गीतेचे 18 अध्याय, आत बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती, आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही. हे मंदिर उभारलं जयरामभाई बिटको यांनी. तुमच्या आजोबांनी बिटकोचं काळं दंतमंजन नक्की वापरलं असेल, तेच हे बिटको. काळ्या मंजनाच्या उद्योगातून पांढरंशुभ्र देऊळ उभं राहिलं!

निवांतपणा हवा असेल तर देवळाली कॅम्प. मोठाली झाडं, रुंद रस्ते, लष्कराचा तोफखान्याचा तळ. कोरड्या, मोकळ्या हवेसाठी मुंबईची पारशी, गुजराती, बोहरी कुटुंबं इथे पिढ्यानपिढ्या येत राहिली. त्यांच्या समाजांनी बांधलेली सॅनेटोरियम अजून आहेत. संध्याकाळी लॅम रोडवर फिरून बघा, थंडीत स्वेटर लागतो.

आणि पाणी, डोंगर, सूर्यास्त हवा असेल तर गंगापूर धरणाचा काठ. एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट तिथेच, आसपास वायनरींची मुक्कामाची ठिकाणंही. हाच तो गोवर्धनचा परिसर, जिथे उषवदाताने वाटसरूंसाठी निवारा बांधला होता. शनिवार-रविवारी इथे जागा मिळणं अवघड, मंगळवार-बुधवार बघा.

स्टेशनपासून घोड्यांची ट्रॅम

नाशिकरोड स्टेशनपासून जुनं गाव 9-10 किलोमीटर. आज रिक्षा आणि बस आहेत. पण 1889 मध्ये या रस्त्यावर ट्रॅम सुरू झाली होती, दोन डबे आणि ओढायला चार घोडे. मेनरोडपर्यंत ती यायची. 1930 नंतर दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. मेनरोडच्या गर्दीत उभं राहून तिथे घोड्यांची ट्रॅम वळताना डोळ्यांपुढे आणून बघा.

नाटक सुरू असताना

मेनरोडच्याच परिसरात विजयानंद थिएटर. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री इथे "संगीत शारदा"चा प्रयोग होता आणि कलेक्टर जॅक्सन पाहुणा म्हणून आला होता. अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने तिथेच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे कान्हेरे आणि कटातले साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. विजयानंद नंतर सिनेमाचं थिएटर झालं.

सिनेमाचं म्हणाल तर त्याचा जनकही इथलाच. दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला झाला. "राजा हरिश्चंद्र"नंतर त्यांनी बस्तान नाशकात हलवलं. 1917 च्या "लंकादहन"मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या, अण्णा साळुंके यांनी! साळुंके फाळक्यांना सापडले ते मुंबईच्या एका हॉटेलात काम करताना. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, लेण्यांवरून उतरलात की तिथेच.

वाचणाऱ्यांसाठी आणखी एक जागा : सार्वजनिक वाचनालय, स्थापना 1840. कुसुमाग्रज याच गावात राहिले, इथेच गेले. 27 फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिनी, सगळा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्या दिवशी नाशकात असलात तर संध्याकाळी काही ना काही कार्यक्रम नक्की सापडेल.

द्राक्षं : खायची, प्यायची, बघायची

1925 मध्ये ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली, आणि तिथून या जिल्ह्याचं नशीब पालटलं. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. दिंडोरी, पिंपळगाव, ओझरच्या रस्त्यांना लागलात की दोन्ही बाजूंना मांडव. रस्त्याकडेच्या टोपलीतून थॉमसन घ्या, आणि काळी शरद सीडलेस मिळाली तर तीही. मालाला आधी हात लावू नका, द्राक्षावरची पांढुरकी लव पुसली गेली की शेतकऱ्याला वाईट वाटतं. ती लव ताजेपणाची खूण आहे.

वाइनची गोष्ट अलीकडची. राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकात गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. नंतर यॉर्क, सोमा, दिंडोरीकडे शांदों, इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झांपा, अशी रांगच लागली. "नाशिक व्हॅली वाइन"ला भौगोलिक मानांकनही आहे. घेत नसलात तरी तळघरातली ओकची पिंपं आणि हंगामातली द्राक्षं चिरडण्याची कामं बघण्यासारखी आहेत. घेणार असाल तर चालक वेगळा ठेवा, धरणाचा रस्ता वळणांचा आहे.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर

पक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा. हिवाळ्यात, सूर्य उगवायच्या आत चापडगावच्या मनोऱ्यावर पोचा.

दगडासाठी सिन्नर. यादवांचं गोंदेश्वर मंदिर, मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांना विष्णू, गणेश, पार्वती, सूर्य. तिथूनच जवळ गारगोटी संग्रहालय, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत घडलेले रंगीबेरंगी स्फटिक. आपण ज्या दगडावर रोज चालतो त्याच्या पोटात हे असतं, यावर पटकन विश्वास बसत नाही.

येवला पैठणीसाठी. मागावर बसलेल्या विणकराशेजारी थोडा वेळ बसा, काठातला एक मोर पूर्ण व्हायला किती वेळ जातो ते बघा, मग किमतीवर घासाघीस करावीशी वाटणार नाही. संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंग उडतात आणि आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, हातात घेऊन आख्खं गाव गच्चीवर असतं. तात्या टोपे जन्मले तेही येवल्यातच.

वणीच्या सप्तशृंगीला पायऱ्या झेपत नसतील त्यांच्यासाठी 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांची मोठी सोय झाली. आणि त्या बाजूने सापुताऱ्याकडे निघालात तर सुरगाण्याच्या आदिवासी शेतकऱ्यांची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात रस्त्याकडेला मिळते. थेट त्यांच्याकडूनच घ्या.

आता तारखांचं. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि मोठी पर्वस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. त्या दिवसांत यायचं असेल तर खोली फार आधी ठरवा, वैष्णव आखाडे नाशकात आणि शैव आखाडे त्र्यंबकला असतात हे लक्षात घेऊन. फक्त गाव बघायचं असेल तर पर्वकाळ सोडून या. डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडी, द्राक्षं आणि पक्षी असं तिन्ही मिळतं. रहाडीसाठी फाल्गुन वद्य पंचमी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर त्र्यंबकच्या वाटेवर पहिन्याचे धबधबे, भाजलेली कणसं, आणि घाटावर पाणी मारुतीच्या कुठवर आलंय याची चौकशी.